फोटोबाहेरचा तिसरा

आमच्या घरमालकांनी आजवर ज्यांचे ज्यांचे फोटो काढले, त्यांच्यापैकी एकही माणूस फोटोत पूर्ण आलेला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी साताऱ्याहून रायपूरला आले आणि शंकर नगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, त्याच संध्याकाळी काकूंनी चहाबरोबर अल्बम आणून माझ्या मांडीवर ठेवला. मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोत अंतरपाट होता, भटजी होते, भटजींच्या मागचा पाण्याचा ड्रमही होता. नवरदेवाचा मात्र हार धरलेला हात तेवढा होता. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं तो कप चकचकीत आला होता आणि मुलगी हनुवटीपर्यंत होती. काशीच्या घाटावरच्या फोटोत गंगा, नावा, छत्र्या, पायरीवर झोपलेला एक कुत्रा आणि डाव्या कोपऱ्यात जांभळ्या पदराचं टोक. "ही मी," काकू त्या टोकावर बोट ठेवून म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात आपण निदान टोकापुरत्या तरी आलो, याचं समाधानच होतं.

याला कारण होतं. काका मालगाडीवर गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "मॅनेजर बँकेत असते. मी गार्ड होतो." गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी. तिथून बाहेर वाकून अख्खी गाडी नजरेखालून घालायची, मागे काही सुटलं नाही ना हे बघायचं आणि मग हिरवी झेंडी दाखवायची. जन्मभर हे केलेल्या माणसाचा काचेवर विश्वास बसत नाही. फोन समोर धरला की काका त्याच्या पडद्यात बघतच नसत. फोनच्या वरून, बाजूला वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी ते समोरच्या माणसाला न्याहाळत. डोळ्यांना माणूस पूर्ण दिसला की बटण दाबत. तोवर फोन कुठे बघत असे, ते त्या फोनलाच ठाऊक. पाडव्याला त्यांनी हौसेने माझा गुढीशेजारी फोटो काढला. त्यात गुढी कलशापासून पाटापर्यंत आली, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आली, आणि माझं एक कोपर आलं. मी म्हटलं, "काका, यात मी कुठाय?" ते शांतपणे म्हणाले, "तू तं इथीच हायस न बेटा. तुले काय फोटोत पाहायचं हाय?" 

नोकरीतून निवृत्त झाले तरी काका गाडीतून काही उतरले नव्हते. चहा आला तर तो 'राइट टाइम' असायचा, नाहीतर 'लेट चालून राहिला'. सकाळी मी स्कूटी काढली की ते फाटकाशी येऊन उभे राहत आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत हात वर धरून ठेवत. एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत तर आपण ऑफिसला निघालोच नाही असं मला वाटायचं. लग्नाकार्यात पंगत बसली की पहिला घास घेण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "पूरी गाडी आली काय?" एकदा आम्ही सगळे भनपुरीला त्यांच्या नात्यातल्या साखरपुड्याला गेलो होतो. परतताना त्यांनी भर उन्हात टेम्पो अडवून धरला, कारण एक बाई कमी भरत होती. टेम्पोवाला भैया वैतागला, आतल्या बायका घामाघूम झाल्या. शेवटी कळलं की काकूंची एक नणंद मानपानावरून रुसून आधीच रिक्षाने घरी गेली होती. तरी काका हलले नाहीत. त्यांनी नणंदेला फोन लावला, तिच्या तोंडून "पोहोचली" एवढं वदवून घेतलं, आणि मगच टेम्पोला हात दाखवला. नणंद त्यानंतरही बरेच दिवस रुसलेली होती, पण ती पोहोचलेली होती, आणि काकांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

एवढ्या सगळ्यांना पोहोचवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीशी बोलता मात्र येत नसे. ती एकुलती एक, लग्न होऊन हैदराबादला गेलेली. तिचं लहानपण काकांनी ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे त्या शेवटच्या डब्याच्या, कट्ट्यावर बसून, येता-जाता बघितलेलं. घरी असले की ती शाळेत, ती घरी असली की हे लाइनवर. त्यामुळे बापलेकीच्या बोलण्याला कधी रूळच पडले नाहीत. फोन आला की काका विचारत, "जेवली काय?" ती म्हणे, "हाँ बाबा, खा लिया." काका म्हणत, "ठीक हाय," आणि फोन काकूंच्या हातात देऊन बाजूलाच घुटमळत. त्या वर्षी तिला दिवस गेले होते. आदल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. मुलगी दिवसभर छताकडे बघत पडलेली असायची. धड कोणाशी बोलायची नाही. काकू फोन ठेवला की देवापुढे बसत. काका अंगणात जाऊन झाडांना पाणी घालत. सकाळी एकदा घातलेलं असलं तरी पुन्हा घालत.

असंच पाणी घालताना त्यांना फाटकाजवळच्या कामिनीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं सापडलं. एवढीशी वाटी, आणि वाटीत तीन पिल्लं, नुकती अंड्यातून निघालेली, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसत्या उघड्या चोची. काका स्टुलावरून खाली उतरले ते वेगळेच माणूस होऊन. "तीन हायत," त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. "पूरी गाडी."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात सिग्नल लागले. कामिनी नेमकी फाटकातून आत येणाऱ्या वाटेवर. बुलबुलाची जोडी पिल्लांना भरवत असली की फाटकाला लाल फडकं बांधलेलं असायचं आणि मग जगातला कोणीही माणूस आत येऊ शकत नसे, आतला बाहेर जाऊ शकत नसे. दूधवाले भैया किटली घेऊन रस्त्यावर तिष्ठत. मी ऑफिसला उशीर झाला म्हणून हात जोडायची. काका खुर्चीवर बसून फक्त मान हलवत. "आउटर सिग्नलले थांब. माय भरवून राहिली." आई उडाली की काका उठत, लाल काढून हिरवं लावत, आणि मी, दूधवाला, इस्त्रीवाली असे सगळे एकदम सुटत. साहेबांना उशिराचं कारण काय सांगायचं हा प्रश्नच होता. "घराजवळ सिग्नल मिळाला नाही" असं मी एकदा खरं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी रायपूरच्या वाहतुकीवर पाच मिनिटं भाषण केलं. ऊन चढलं की काका झुडपावर आपली जुनी काळी छत्री बांधत, आणि खाली मातीच्या परळात पाणी ठेवत.

फोटो काढायची कल्पना त्यांचीच. काकूंचा विरोध होता. बारशाच्या आत लेकराचा फोटो काढला की दृष्ट लागते, मग ते लेकरू पाखराचं का असेना. "बारशापर्यंत थे उडून जाईल न बाप्पा!" काका कळवळून म्हणाले. बराच खल होऊन तोडगा निघाला. काकूंनी कामिनीच्या फांदीला लिंबू-मिरची बांधली, काकांच्या फोनच्या पाठीला काजळाचं बोट लावलं, आणि आपलीच नजर लागायची म्हणून घरट्यात स्वतः कधीच डोकावायचं नाही असं ठरवून टाकलं. काजळाचं बोट नेमकं काचेवर पडल्यामुळे पहिल्या दिवशीचा फोटो संपूर्ण काळा आला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत कामिनीची पानं, काकांचा अंगठा आणि शेजारची डिश अँटेना. तिसऱ्या दिवशी मात्र घरट्याचा अर्धा काठ आणि दोन उघड्या चोची आल्या. काकांनी तो फोटो तसाच हैदराबादला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. फोनवर लिहायची त्यांना कुठे सवय होती!

पिल्लं तीन आहेत हे काकूंनी तिला फोनवर सांगितलं होतंच. उत्तर लगेच आलं. "बाबा, तीसरे को काट दिया!" आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. पाठोपाठ फोनच आला. मुलगी हसत होती. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आल्या. "हासली काय? थे हासली?" कित्येक आठवड्यांत लेकीचं हसू त्या घरात ऐकू आलं नव्हतं.

मग रोजचा नेमच झाला. ऊन उतरलं की काका स्टुलावर चढत, फोन घरट्यावर धरत आणि स्वतः मान वाकवून फोनच्या बाजूने घरट्यात बघत. प्रत्येक फोटोत कोणी ना कोणी कापलेलं असे. तिकडून रोज विचारणा होई, आज कोणाला कापलं? दोघांच्यात पहिल्यांदाच बोलायला काहीतरी होतं. आज मोठ्याच्या डोळ्याला फट पडली, आज मधल्याला काटे फुटल्यासारखी पिसं आली, धाकटा भारी खादाड आहे, आईच्या चोचीतला किडा तोच आधी ओढतो. काका हे फोनवर सांगत तेव्हा मला वाटायचं की हा माणूस इतकी वर्षं हे सगळं कुठे ठेवून बसला होता? मुलगी पलीकडून म्हणायची, "बाबा, धाकट्याला पण फोटोत घ्या ना, हर बार बेचारा बाहर रह जाता है." काका म्हणायचे, "हव, उद्या घेतो." उद्याही धाकटा बाहेरच राही. पण आता तिला झोप लागायला लागली होती. जावयाने काकूंना तसं सांगितलं, आणि काकूंनी मला जिन्यात धरून रडत रडत सांगितलं.

आणि मग एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात भारद्वाज आला.

मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. लालबुंद डोळ्यांचा, तांबड्या पंखांचा तो मोठा पक्षी कुंपणाच्या भिंतीवरून तोऱ्यात चालत आला. खाली काकूंनी त्याला बघितलं आणि त्यांच्या हातातली परडी खालीच ठेवली गेली. भारद्वाज दिसणं म्हणजे केवढा शुभशकुन! त्यातून रविवारी सकाळी, दारात, लेक अशा अवस्थेत असताना! "अहो, पाहा न! भारद्वाज!" त्या हात जोडून उभ्या राहिल्या. काका झेंडीचं फडकं घेऊन खुर्चीवरून उठले होते. काकूंनी त्यांना हाताने मागे ओढलं. "हाकलू नका त्याले! काहून हाकलता? देव आला दारात. आता माही पोट्टी सुखरूप सुटते पाहा." काका थांबले. भारद्वाजाला शुभ मानायचं हे त्यांनीही लहानपणापासूनच ऐकलेलं. त्यांनी लाल फडकं खाली घेतलं आणि चप्पल काढून तेही हात जोडून उभे राहिले. मीही वरून नमस्कार केला, खोटं कशाला सांगू? भारद्वाज भिंतीवरून कामिनीत शिरला. बुलबुलाची जोडी किंचाळायला लागली तेव्हा काका धावले. पण तोवर तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडून शेजारच्या आंब्यात गेला होता. काकू आनंदाने घरात साखर ठेवायला गेल्या होत्या.

मी खाली गेले तेव्हा काका स्टुलावर उभे होते. घरट्यात दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. खादाड धाकटा नव्हता.

काका खाली उतरले आणि खुर्चीत न बसता तिथेच मातीत बसले. हातात ते लाल फडकं होतं. "बेटा, माह्या ड्युटीत एक डबा नाही सुटला कधी," ते हळू आवाजात म्हणाले. "अन इथी मी झेंडी घेऊन उभा होतो. मीच त्याले रस्ता देल्ला." मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की निसर्ग असाच असतो, सगळी पिल्लं कुठे जगतात.  मग ते म्हणाले, "काकूले नाही सांगायचं. थे देवाले साखर ठेवून राहिली." फडक्याची घडी घालत पुन्हा म्हणाले, "अन पोरीले तं बिलकुल नाही. तीन होते, दोन राह्यले, हे थ्या पोरीले नाही सांगायचं." मला त्यांचा चेहरा बघवेना.

"मग आज फोटो?" मी विचारलं. फोटो गेला नाही तर ती घाबरणार. गेला तर दोनच दिसणार. आणि मग आम्हा दोघांना एकदमच सुचलं की दोन दिसले तर बिघडलं कुठे? रोज दोनच तर दिसतात! तिसरा फोटोबाहेर असतो, हे साऱ्या शंकर नगराला माहीत आहे. काकांच्या जन्मभराच्या वाईट फोटोग्राफीचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं होतं?

संध्याकाळी ते स्टुलावर चढले. मी खालून स्टूल धरलं होतं. त्यांनी आधी सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसली. मग फोन घरट्यावर धरला, आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदाच मान न वाकवता ते फोनच्या पडद्यात बघत राहिले. किती तरी वेळ बघत होते. हात थरथरायचा, मग ते थांबायचे, श्वास रोखायचे, पुन्हा धरायचे. मी फोटो बघितला आणि चकित झाले. मधोमध दोन पिल्लं, अंगावरची नवी पिसं मोजावीत इतकी स्वच्छ, भोवती वाटीचा काठ, काडी न काडी. "काका, काय सुंदर काढलात हो!" मी म्हटलं. ते खाली उतरून खुर्चीत बसले. फोटो पाठवला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

त्या दिवशी उत्तर यायला वेळ लागला. मग फोन वाजला. काकांनी माझ्याकडे दिला, मीच वाचून दाखवलं: "बाबा, तीसरे को फिर काट दिया?" काकांनी डोळे मिटले. मग स्वतःच्या बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "हव बेटा. माहा हातच हालते." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. किती हुशार होतो आम्ही!

पुढच्या दोन-तीन दिवसांत ती दोन पिल्लं कामिनीच्या फांदीवर आली, तिथून भिंतीवर आणि भिंतीवरून गेली. काकांनी हिरवं फडकं लावलं ते बरेच दिवस काढलं नाही. हैदराबादला फोनवर त्यांनी सांगितलं, "पोहोचले." किती, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पावसाळा सरता सरता तिला मुलगी झाली. वजन जरा कमी होतं, पण दोघी सुखरूप होत्या. काकूंनी भारद्वाजाच्या नावाने पुन्हा साखर ठेवली, आणि काकांनी तीही मुकाट्याने खाल्ली.

दिवाळीनंतर ती बाळाला घेऊन माहेरी आली. एका दुपारी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. रिकामं घरटं अजून कामिनीत होतं. ती त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "दीदी, धाकट्याला कोणी नेलं होतं? बिल्ली ने?"

 तुला कसं कळलं, मी विचारलं.

"वो फोटो देख के," ती म्हणाली. "बाबांनी जिंदगी में पहली बार पूरा फोटो लिया था. अख्खं घरटं होतं त्यात, चारों तरफ से. बाहर कोणी राहायला जागाच नव्हती. बाबा इतकं नीट फोटो तभी निकालेंगे ना, जब..." ती थांबली. बाळाच्या अंगावरचं दुपटं उगीच सारखं केलं. "मी खूप रडले त्या दिवशी. फिर सोचा, कितना टाइम लगा होगा उनको. हात कसे हलतात त्यांचे. म्हणून लिहून टाकलं मग, तिसऱ्याला पुन्हा कापलं म्हणून." आणि माझा हात धरून म्हणाली, "बाबांना नका सांगू हं. उनको लगता है मुझे पता नहीं."

मी सांगितलं नाही. त्या घरात आता काकूंपासून काका एक गोष्ट लपवत होते, काकांपासून मुलगी एक लपवत होती, आणि सगळ्यांच्या मिळून माझ्याकडे होत्या. भाडेकरूवर एवढा भार कोणी टाकत नाही. पण खरं सांगते, मला इतकं आपलं कुठल्याच घरात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काका फोन घेऊन बाहेर आले. नातीचा कामिनीजवळ फोटो काढायचा होता. काकूंना हाक गेली, मलाही उभं केलं. "पूरी गाडी आली काय?" त्यांनी विचारलं, आणि फोन समोर धरून, बाजूला वाकून, डोळे बारीक करून आम्हा सगळ्यांना एकेक करून न्याहाळलं. फोटोत कामिनी पूर्ण आली. काकूंचं डोकं नव्हतं, मी अर्धी होते, बाळाचे दोन पाय आणि एक टोपडं होतं. मुलगी तो फोटो बघून एवढी हसली की बाळ जागं झालं.

माझी बदली होऊन आता काही वर्षं झाली. निघताना काका फाटकाशी उभे होते, आणि माझ्या सामानाचा ट्रक वळेपर्यंत त्यांचा हात वर होता. अजूनही अधूनमधून त्यांचा फोटो येतो, खाली एक अक्षर नसतं. तो उघडण्याआधी दर वेळी, फोटो चांगला आलेला असू नये एवढीच माझी देवाकडे मागणी असते. मग तो उघडतो. काकूंचा खांदा दिसतो, नातीची एक वेणी दिसते, मागे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी अख्खी दिसते, आणि माझ्या जिवात जीव येतो.